सात आसनांची जुनी गाडी

कुटुंब मोठे, मिळकत बेताची आणि मुलूख डोंगरी, या तिन्ही गोष्टी ज्याच्या वाट्याला एकदम आल्या आहेत अशा महाराष्ट्रीय गृहस्थाने सात आसनांची जुनी गाडी घेण्याचा विचार मनात आणावा, हे सर्वस्वी स्वाभाविक आहे. नव्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा पहिल्या चार-पाच वर्षांतच ओसरतो आणि तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. त्यामुळे पाच-सहा वर्षे नीट वापरलेली मोठी गाडी पुष्कळदा नव्या लहान गाडीच्या किमतीत हाती येते. परंतु हा लाभ खरोखर पदरात पडावयाचा असेल, तर सौद्याची भाषा सुरू होण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवली पाहिजेत. आपल्या घरातली माणसे त्या गाडीत प्रत्यक्ष कशी बसणार, हा पहिला प्रश्न. आणि समोर उभी असलेली ती एक गाडी आजवर कोणाकडे, कोणत्या कामी आणि कोणत्या पाण्यापावसात वावरली, हा दुसरा. या दोहोंना बगल देऊन केवळ कंपनीच्या लौकिकावर आणि पत्र्याच्या चकाकीवर विसंबणारी कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे गॅरेजच्या आणि आरटीओच्या पायऱ्या झिजवतात, हे पाहून वाईट वाटते. आणि म्हणूनच या विषयाला या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण देणे मला अगत्याचे वाटले.

युरोपात आणि अमेरिकेत कुटुंबाची गाडी म्हणून जी लांब पाठीची स्टेशन वॅगन रूढ झाली, ती आपल्याकडे कधी रुजलीच नाही. १९९२ साली टाटांनी इस्टेट नावाची तशी गाडी आणली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ साली इंडिगो मरिना आली. परंतु पाच माणसे आणि भरपूर सामान या हिशेबाने बांधलेल्या या वाहनांना, सात-आठ माणसे आणि जमेल तितके सामान हा ज्यांच्या प्रवासाचा हिशेब होता त्या गिऱ्हाइकांनी जवळ केले नाही. त्यांनी पसंत केली ती १९९४ ची टाटा सुमो, २००० ची टोयोटा क्वालिस, २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ, २००५ साली क्वालिसच्या जागी आलेली इनोव्हा आणि २०१२ ची मारुती एर्टिगा. आजच्या जुन्या बाजारात सुमो आणि क्वालिस आपले आयुष्य बहुतांशी संपवून बसलेल्या आहेत. निवड उरते ती इनोव्हा व २०१६ पासूनची इनोव्हा क्रिस्टा, एर्टिगा, स्कॉर्पिओ, बोलेरो, एक्सयूव्ही ५००, मराझ्झो आणि चार मीटरांच्या आत सात आसने बसवणारी रेनॉ ट्रायबर यांच्यामध्ये.

यांतली कोणती घ्यावी याचा निकाल, माझ्या मते, इंजिनाच्या ताकदीने न करता तिसऱ्या रांगेने करावा. सात आसने आहेत एवढ्यावर समाधान मानणाऱ्या कुटुंबाला पहिल्या लांबच्या प्रवासात कळून चुकते, की सातवा मनुष्य बसला म्हणजे सामानाला जागा उरत नाही. २०१८ नंतरच्या एर्टिगात तिन्ही रांगा उभ्या असताना पाठीमागे २०९ लिटर जागा राहते आणि तिसरी रांग पाडली असता ती ५५० लिटर होते. ट्रायबरमध्ये सातही आसने लावल्यावर जेमतेम ८४ लिटर शिल्लक राहते. गणपतीसाठी मुंबईहून चिपळूण-सावंतवाडीकडे निघालेल्या सात जणांच्या आठ दिवसांच्या बॅगा, सजावटीचे सामान आणि परतीच्या वेळी नारळ-तांदळाची पोती या जागेत मावणे अशक्य असते. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली एर्टिगा घेणाऱ्याने तर आणखी एक वजाबाकी करावी, कारण गॅसची टाकी त्याच डिकीत बसते. मग सारे ओझे छपरावरच्या कॅरियरवर चढते, गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो, आणि कशेडी किंवा आंबोलीच्या वळणावर जी गाडी मोकळी असताना निमूट वळते तीच बाहेरच्या अंगाला झुकू लागते. ज्यांच्या घरात वर्षातून दोनच वेळा सात माणसे एकत्र निघतात त्यांनी पाच आसनांची गाडी घेऊन त्या दोन वेळी भाड्याची गाडी करावी, हा सल्ला पुष्कळांना रुचत नाही. पण ज्यांच्या घरी आजी-आजोबा नित्य बरोबर असतात आणि मुले शाळेत जाणारी आहेत, त्यांना मात्र तिसरी रांग खरोखर लागते आणि त्यांनी ती डोळसपणे पारखली पाहिजे.

ती पारखण्याची रीत साधी आहे. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत उंच अशा दोन व्यक्तींना गाडी पाहायला जाताना बरोबर न्यावे आणि त्यांना प्रत्येक रांगेत पाव तास बसवावे. स्कॉर्पिओ आणि बोलेरो यांचा उंबरठा उंच असतो. सांधे दुखणाऱ्या आजीला पायरीवर पाय देऊन, दाराची मूठ धरून वर चढावे लागते, आणि घाटातल्या प्रत्येक चहाच्या थांब्यावर ही कसरत पुन्हा करावी लागते. एर्टिगा, मराझ्झो आणि इनोव्हा यांत त्या मानाने सहज शिरता येते. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असल्या तर मागे जाण्याची वाट मोकळी राहते, पण एक आसन कमी होते. सलग बाक असला तर माणूस एक जास्त बसतो, पण मागच्यांना उतरवण्यासाठी पुढच्यांना उठवावे लागते. मागच्या रांगेपर्यंत थंड हवेची स्वतंत्र झडप आहे की नाही, हेही त्याच पाव तासात कळते, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे किंवा जळगावकडे प्रवास करणाऱ्यांनी ही झडप नसलेली गाडी स्वीकारूच नये.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. बोलेरोत, आणि स्कॉर्पिओच्या अनेक जुन्या प्रकारांत, सर्वांत मागे समोरासमोर बसण्याची आडवी आसने असतात. मुलांना ती फार आवडतात, कारण तेथे गप्पा रंगतात. पण आडव्या बसलेल्या मुलाच्या अंगाला धडकेच्या क्षणी धरून ठेवणारे तेथे काहीच नसते, आणि म्हणून लेकरांसाठी अशी गाडी घेऊ नये असे मी निःसंकोच म्हणेन. प्रत्येक आसनाला खांद्यावरून येणारा पट्टा आणि मानेला आधार आहे ना, हे एकेक आसन मोजून पाहावे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, त्यात दगावलेले दोघेही मागच्या आसनांवर होते आणि पट्टा दोघांनीही बांधला नव्हता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. गाडीच्या उत्पादनाचे सालही येथे महत्त्वाचे ठरते. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकची यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली आणि चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. त्यापूर्वीच्या स्वस्त प्रकारांत या दोन्ही गोष्टी पुष्कळदा नसतात. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला प्रौढांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नव्हता, २०१८ साली मराझ्झोला चार आणि २०१९ साली एर्टिगाला तीन तारे मिळाले. या चाचण्यांचे निकष पुढे अधिक कडक झाले असल्याने हे तारे आजच्या ताऱ्यांशी ताडून पाहू नयेत, तरी त्या काळच्या गाड्यांची आपसांतील तुलना त्यावरून करता येते.

इनोव्हा, स्कॉर्पिओ आणि बोलेरो यांची चेसिस स्वतंत्र असते, वरचे शरीर तिच्यावर बसवलेले असते आणि मागची चाके गाडीला ढकलतात. एर्टिगा, ट्रायबर आणि एक्सयूव्ही ५०० यांत चेसिस व शरीर एकसंध असून ओढ पुढच्या चाकांची असते. ज्याला उसाच्या शेतातून किंवा खडीच्या वाटेवरून रोज जावयाचे आहे त्याने पहिला वर्ग पाहावा, भरलेल्या गाडीने चिखलाचा चढ चढताना मागच्या चाकांवरचे ओझे त्याला उपयोगी पडते. पुणे-नाशिक वा मुंबई-कोल्हापूर एवढाच ज्यांचा संचार आहे त्यांना दुसरा वर्ग अधिक आरामाचा, हलका आणि इंधनात किफायतशीर पडतो. उंच, दणकट दिसणारी गाडी म्हणजे चारही चाकांनी चालणारी गाडी, असा एक गैरसमज आहे. जुन्या बाजारातल्या बहुसंख्य एसयूव्ही दोनच चाकांच्या ओढीच्या असतात.

इंधनाविषयी थोडक्यात सांगतो. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरांहून कमी फिरणाऱ्या कुटुंबाने डिझेलच्या मागे लागू नये, कारण खरेदीत आणि दुरुस्तीत दिलेली जादा रक्कम त्याला इंधनाच्या बचतीतून परत मिळत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी जी गाळणी असते, ती शहरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासात तापत नाही, म्हणून स्वच्छ होत नाही आणि तुंबते. मारुतीने त्याच वेळी डिझेल इंजिने बंद केल्यामुळे डिझेलची एर्टिगा आता त्यापूर्वीचीच मिळते. सीएनजीची गाडी असेल तर दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते, तिचे प्रमाणपत्र मुदतीत आहे का ते विचारावे. आणि फार स्वस्त मिळते म्हणून शेव्हरोले टवेरा वा एन्जॉय, होंडा मोबिलिओ, रेनॉ लॉजी यांच्याकडे वळणाऱ्याने आपल्या गावात त्यांचे सुटे भाग आणि जाणता मेकॅनिक मिळतो की नाही याची आधी चौकशी करावी. शेव्हरोलेची विक्री तर या देशात २०१७ च्या अखेरीस थांबली आहे.

आता त्या विशिष्ट गाडीच्या पूर्वायुष्याकडे वळू, आणि येथे घाई करून चालणार नाही.

सात आसनांच्या गाड्यांपैकी फार मोठा वर्ग भाड्याने चाललेला असतो. इनोव्हा आणि एर्टिगा यांना प्रवासी व्यवसायात जी मागणी आहे ती सर्वांना ठाऊक आहे, मारुतीने तर एर्टिगाचा टूर एम नावाचा प्रकार खास त्या व्यवसायासाठी काढला. पिवळ्या पाटीची गाडी कायदेशीर मार्गाने पांढऱ्या पाटीची करून घेता येते आणि त्यात बेकायदा काहीच नाही. परंतु खाजगी गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते, तर कंपनीच्या कंत्राटावरची गाडी याच्या कितीतरी पट, आणि विक्रेता ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही. किलोमीटरचा आकडा तर मागे फिरवता येतो. म्हणून त्या आकड्याची रुजवात अन्य साक्षींशी घालावी लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस क्रमांकावर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात. विक्रेत्याला बरोबर घेऊन ती नोंद मागावी, आणि तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजावे. स्कॅनर जोडणारा मेकॅनिक गाडीच्या इतर नियंत्रकांत साठलेले आकडेही कधी कधी काढून दाखवतो. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले नसते, चालकाच्या आसनाची बाहेरची कड फाटलेली नसते आणि स्टिअरिंगचे कातडे चकाकत नसते. टायरच्या अंगावर चार आकडे एकत्र छापलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच टायरांपैकी अतिरिक्त टायर मूळचा असेल आणि बाकीचे चार एकाच वेळी बदललेले असतील, तर ते कधी बदलले यावरून गाडी किती धावली याचा अंदाज बांधता येतो.

अपघाताची खूण रंगात शोधण्यापेक्षा नटांत शोधावी. बोनेट, दारे आणि पुढचे मडगार्ड ज्या बोल्टांनी बसवलेले असतात त्यांच्या डोक्यावरचा रंग अखंड असेल तर पाना लागलेला नाही. रंग उडालेला असेल तर तो भाग कधीतरी काढला गेला आहे. दाराच्या कडेचे रबर ओढून आतली वेल्डिंगची टिंबे पाहावीत, ती कारखान्यातून सारख्या अंतरावर येतात, हाताने केलेली वेडीवाकडी असतात. काचांच्या कोपऱ्यांवरही उत्पादनाच्या खुणा असतात. सर्व काचा एका सालाच्या आणि एकच निराळी, असे आढळले तर कारण विचारावे. दाराचा एखादा ओरखडा दुरुस्त केलेला असणे क्षम्य आहे, किंबहुना शहरातल्या गाडीत ते अपेक्षितच आहे; चेसिसला किंवा छपराच्या खांबांना लागलेला मार मात्र कोणत्याही किमतीत स्वीकारू नये.

पुराची गाडी ही आपल्या प्रांतातली खास आपत्ती आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. अशा गाड्या धुऊन, नवी आच्छादने घालून दूरच्या जिल्ह्यात विकल्या जातात, आणि विद्युत जोडण्यांतले गंजणे पुढे वर्ष-सहा महिन्यांनी प्रकट होते. ते आधी ओळखावयाचे तर सुगंधी फवारा मारलेली गाडी पाहून सावध व्हावे, काचा लावून दहा मिनिटे बसावे म्हणजे कुबट वास वर येतो. सर्व आसनांचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहावेत, कारण गुंडाळीच्या आतल्या भागातला गाळाचा डाग कोणी धूत नाही; आसनाखालचे लोखंडी रूळ, डिकीतली अतिरिक्त चाकाची खोळ आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे सांधे बॅटरी लावून न्याहाळावेत. रत्नागिरी-मालवण किनाऱ्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीची, पूर आला नसला तरी, खालची बाजू खाऱ्या हवेने खाल्लेली असू शकते, तेव्हा ती रॅम्पवर चढवून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

चालवून पाहण्याची वेळ सकाळची मागावी आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे बजावावे. गेल्याबरोबर बोनेटवर हात ठेवला म्हणजे ते पाळले गेले की नाही हे समजते. थंड इंजिन सुरू होताना निघणारा निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो, सतत टिकणारा पांढरा धूर पाणी आत शिरत असल्याचा संशय उत्पन्न करतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. घाटाजवळ राहणाऱ्यांनी हा प्रयोग घरच्या सगळ्या माणसांना आत बसवून करावा. एकट्या चालकाला जी गाडी चपळ वाटते तिचे खरे बळ सात जणांच्या ओझ्यानेच कळते.

कागदपत्रांच्या बाबतीत आपण जमीन घेताना सातबारा जसा ओळ न ओळ वाचतो तसाच आरसी वाचला पाहिजे. नाव कोणाचे, मालक कितवा, इंधन कोणते, आसने किती, बँकेचा बोजा आहे काय, आणि चेसिस व इंजिनावरचे कोरलेले क्रमांक त्याच्याशी अक्षरशः जुळतात काय, हे प्रत्यक्ष पाहावे. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ क्रमांकाचा नमुना हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातील विक्रीची वर्दी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला द्यावयाची असते, त्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरावे लागतात. सह्या केलेले कोरे नमुने एजंटाच्या हवाली करून निश्चिंत होण्याचा जो प्रघात पडला आहे, तो दोन्ही पक्षांना घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे ठरवले, की गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी मालक समजला जाईल. याचा अर्थ, विकणाऱ्याने नाव बदलले जाईपर्यंत झोपू नये. आणि घेणाऱ्यानेही विम्यातील स्वतःच्या नुकसानीचा भाग चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, एरवी गाडीचे नुकसान झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते. दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. म्हणून विम्याचा हप्ता आपल्याला अधिक पडेल हे किमतीच्या बोलणीतच धरावे. दंडाची थकीत ई-चलने गाडीच्या क्रमांकावर आधी तपासून घ्यावीत.

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने घातलेले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेले निर्बंध आल्यापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या आपल्याकडे स्वस्तात आल्या आहेत. त्यांना तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, येथील नवा नोंदणी क्रमांक आणि गाडीच्या वयानुसार घटवलेला एकरकमी कर लागतो. हे सर्व मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते कागदावर मांडून पाहावे. खाजगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो, म्हणून तेरा-चौदा वर्षांची इनोव्हा घेणाऱ्याने हा खर्च दाराशी उभाच आहे असे समजावे.

किमतीचा ठराव करताना एकूण तजविजीतून दहावा हिस्सा बाजूला ठेवण्याची शिफारस मी प्रत्येकाला करतो. गाडी घरी आल्यावर विक्रेत्याने काय बदलले आणि काय नाही यावर न विसंबता इंजिनाचे तेल व सर्व गाळण्या, ब्रेकचे तेल, कूलंट आणि गिअरबॉक्सचे तेल एकदम बदलून घ्यावे, म्हणजे पुढच्या सर्व नोंदी आपल्या हातच्या खऱ्या नोंदी होतात. पहिल्या पिढीच्या डिझेल इनोव्हात टायमिंगचा पट्टा असतो, तो कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर बदलावाच, कारण तो धावत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावे लागते. क्रिस्टात पट्ट्याच्या जागी साखळी आहे. सहा वर्षांहून जुने टायर नक्षी शाबूत दिसली तरी लांबच्या प्रवासाला वापरू नयेत, आणि तिसऱ्या रांगेतल्या पट्ट्यांची कुलपे, जी बहुधा आसनाच्या फटीत हरवलेली असतात, ती त्याच दिवशी शोधून वर काढावीत.